होनांच्या मुलखात

जिंजीच्या किल्ल्यात, छत्रपती राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास शिवचरित्र लिहून काढलं. लढाया, गड, माणसं यांबद्दल सांगून झाल्यावर बखरीच्या उत्तरार्धात तो शिवाजी महाराजांच्या मागे राहिलेल्या खजिन्याची याद देतो. बहुतेक वाचक तिथे पानं भराभर उलटतात, कारण तिथे गोष्ट थांबते आणि नुसती नावं सुरू होतात: गंबार, मोहरा, पुतळ्या, पातशाही होन, शिवराई होन, कावेरीपाक होन, अच्युतराई होन, देवराई होन, रामचंद्रराई होन, गुती होन, धारवाडी होन, अदवनी, ताडपत्री, चंदावरी, वेलुरी. प्रत्येकापुढे आकडा. हिशेबनिसाच्या नजरेला ही शिल्लक दिसेल. नाणी जमवणाऱ्याला मात्र ती मराठीतली सोन्याच्या नाण्यांची पहिली मोठी यादी वाटते, आणि तीही अशा माणसाने दिलेली ज्याला एक होन दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येत होता.

ही नावं नकाशावर मांडून पाहावीत. कावेरीपाक आर्काटजवळ, वेलूर त्याच्या शेजारी. चंदावर म्हणजे तंजावर. गुत्ती, अदवनी आणि ताडपत्री आंध्रच्या रायलसीमेत. धारवाड वायव्येला. देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई ही तर विजयनगरच्या रायांची नावं. या सगळ्या ठिकाणांभोवती एक कडं आखलं तर बंगळुरू साधारण मधोमध येतं. शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या सोन्याचा मोठा भाग तुंगभद्रेच्या आणि कावेरीच्या मुलखातून आला, १६७७ च्या दक्षिण स्वारीने त्यात भर घातली, आणि महाराजांनी स्वतःचं सोन्याचं नाणं पाडलं तेव्हा दिल्लीच्या मोहरेचा नव्हे, या दक्षिणी होनाचाच धडा पुढे ठेवला. म्हणून ज्याला शिवराई होन समजून घ्यायचा आहे, त्याने रायगडाइतकंच लक्ष बंगळुरूकडे द्यावं, असा या प्रस्तावनेचा आग्रह आहे.

बंगळुरूशी मराठी माणसाचं नातं जुनं. १६३८ साली आदिलशाही सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी तिसऱ्या केंपेगौडाकडून शहर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीचं ठाणं झालं. त्याच वर्षी शंभर-सव्वाशे किलोमीटरवर श्रीरंगपट्टणात कंठीरव नरसराज वडियार गादीवर आला. त्याने पाडलेला कंठीरव हण पुढे दोन शतकं म्हैसूरच्या बाजारात हिशेबाचं माप म्हणून टिकला. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी तंजावरला गेल्यावर बंगळुरूवरची पकड सैल झाली. १६८७ साली मोगल सरदार कासीमखानाने शहर घेतलं आणि ते तीन लाख रुपयांच्या बोलीवर चिक्कदेवराज वडियारच्या हाती गेलं. एवढ्या धामधुमीत बाजारपेठेने काही बंद ठेवलं नाही. होन, अर्धा होन, हण यांचा व्यवहार चालूच राहिला.

आजही हे शहर नाण्यांच्या व्यवहाराचं मोठं केंद्र आहे. मुंबईखालोखाल ज्या शहरांत जुन्या नाण्यांचे छापील कॅटलॉगसह लिलाव होतात, त्यांत बंगळुरूचं नाव आघाडीवर येतं. मरुधर आर्ट्स ही लिलाव संस्था इथलीच. रेझवान रझाक यांचं भारतीय कागदी चलनाचं संग्रहालयही इथेच, म्हणजे धातूनंतरचा अध्यायही शहरात पाहायला मिळतो. कस्तुरबा रोडवरचं सरकारी संग्रहालय १८६५ पासूनचं. आणि जुन्या पेठेत, चिकपेट, अव्हेन्यू रोड, नगरथपेट या भागात, सोन्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या गल्ल्यांमध्ये जुनं नाणं दोन वाटांनी जातं. एक वाट संग्राहकाच्या मखमली खणाकडे, दुसरी मुशीकडे. दुसरी वाट नेहमीच जास्त वर्दळीची राहिली आहे.

होन म्हणजे नेमकं काय, हे एकदा हातात घेतल्यासारखं पाहू. विजयनगरचा पूर्ण होन, ज्याला कन्नडमध्ये वराह आणि इंग्रज व्यापाऱ्यांच्या वह्यांत पगोडा म्हणत, वजनाने साधारण ३.४ ग्रॅम. अर्धा होन, म्हणजे प्रताप, १.७ ग्रॅम. प्रतापाचा दहावा भाग म्हणजे हण किंवा फनम. १४४३ साली विजयनगरात आलेला इराणी वकील अब्दुर रज्जाक हीच उतरंड लिहून ठेवतो. पूर्ण होनाचा व्यास करंगळीच्या नखाएवढा, जाडी मात्र चांगली. मोहर पसरट असते, होन गुबगुबीत. लहान आकारात एवढं वजन बसवल्यामुळे ठसा खोल उमटतो आणि शेकडो वर्षांनंतरही चित्राचा उठाव बोटाला लागतो.

अच्युतरायाचं नाणं घ्या. कारकीर्द १५२९ ते १५४२. एका बाजूला गंडभेरुंड, दोन डोक्यांचा पक्षी. दोन्ही चोचींत हत्ती, दोन्ही पंजांत हत्ती, आणि हे सगळं सेंटिमीटरभर जागेत. हत्तींच्या सोंडा नुसत्या डोळ्यांना ठिपक्यांसारख्या दिसतात, भिंग धरलं की वळलेल्या कळतात. आज कर्नाटक सरकारच्या बोधचिन्हात जो गंडभेरुंड आहे त्याचा हा सोन्यातला पूर्वज. नाणं उलटलं की तीन ओळी: श्री प्रताप, अच्युत, राय. लिपी नागरी.

ही लिपीची गोष्ट मराठी संग्राहकाच्या पथ्यावर पडते. कन्नड-तेलुगू मुलखातल्या राजांनी सोन्यावर बहुधा नागरी अक्षरं कोरली. कृष्णदेवरायाच्या बाळकृष्ण छापाच्या होनावर नागरी, इक्केरीच्या नायकांच्या शिवपार्वती होनावर ‘श्री सदाशिव’ नागरीत, आणि कंठीरवाच्या हणावर पुढे नरसिंह, मागे ‘श्री कंठीरव’ तेही नागरीत. त्याआधीची गोव्याच्या कदंबांची भारदस्त नाणी पाहावीत. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला सप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाने राज्य मिळाल्याचा उल्लेख आणि राजाचं नाव. हा सप्तकोटीश्वर तोच, ज्याच्या नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला. देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक आणखी वेगळे: वाटीसारखे खोलगट, मधे कमळ, भोवती छाप, आणि त्यांत सिंघण, महादेव, रामचंद्र ही नावं. बंगळुरूच्या लिलावाचा कॅटलॉग चाळणाऱ्या पुण्या-बेळगावच्या वाचकाला निम्मी नाणी स्वतः वाचता येतात. युरोपातल्या संग्राहकाला त्यासाठी वर्षभर अक्षरओळख करावी लागते.

हैदरअलीने १७६३ साली इक्केरीच्या नायकांचं बेदनूर घेतलं तेव्हा इक्केरीची टांकसाळ त्याच्या हाती आली. त्याने शिवपार्वतीचं चित्र तसंच ठेवलं. फक्त दुसऱ्या बाजूचा मजकूर काढून तिथे आपल्या नावाचं फारसी आद्याक्षर घातलं. हा बहादुरी होन मराठी कागदांतही भेटतो. या निर्णयामागे धर्मभावना शोधणाऱ्यांना इतिहास निराश करतो. व्यापाऱ्यांचा विश्वास शिवपार्वतीच्या ठशावर होता, आणि ठसा बदलला असता तर बाजाराने वटाव लावला असता. पुढे टिपूने चित्रं काढून टाकली, अक्षरं आणली, सोन्याच्या नाण्यांना अहमदी, सिद्दिकी, फारुकी अशी नावं दिली, १७८७ पासून मौलुदी सन घातला आणि वर्षाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले. नवशिका संग्राहक इथे हमखास फसतो. १२१६ वाचतो ६१२१.

शिवराई होनाकडे यायला आता हरकत नाही. ६ जून १६७४, रायगडावरचा राज्याभिषेक. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तिथे हजर होता. महाराजांची सुवर्णतुला झाली आणि पारड्यात सुमारे १६,००० पगोडा भरले, असं तो कळवतो. पगोड्याचं ३.४ ग्रॅम वजन धरलं तर हे ५४ किलोच्या आसपास जातं. राज्याभिषेकाच्या निमित्ताने निघालेला शिवराई होन मात्र या मापाहून थोडा हलका, पावणेतीन ते तीन ग्रॅमच्या दरम्यानचा. एका बाजूला तीन ओळींत श्री, राजा, शिव. दुसऱ्या बाजूला दोन ओळींत छत्र, पति. कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. चित्र नाही, देव नाही, सन नाही. विजयनगरची नाणी शेजारी ठेवली की ही वाट कुठून आली ते कळतं. मागच्या बाजूच्या तीन नागरी ओळींची मांडणी रायांच्या नाण्यांवर शंभर-दीडशे वर्षं चालत आलेली होती. रायगडाने तीच पुढच्या बाजूला आणली.

ऑक्झिंडेनच्या तहाच्या वाटाघाटीत नाण्यांचंही एक कलम होतं. मुंबईचं इंग्रजी नाणं महाराजांच्या राज्यात चालावं, अशी मागणी होती. उत्तर साधं मिळालं. तुमचं नाणं कसाला आणि वजनाला चोख असेल तर आम्ही अडवणार नाही, पण रयतेला तोट्यात नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही. नाण्याची किंमत हुकमाने ठरत नाही, कसाने ठरते, हे त्या दरबाराला पक्कं ठाऊक होतं.

तांब्याच्या शिवराया आजही हजारोंनी मिळतात. सोन्याचा शिवराई होन मात्र अस्सल म्हणून मान्य झालेला अगदी मोजका. हे असं का झालं? खजिन्याच्या यादीत तर इतर सोन्याबरोबर त्याचाही भरघोस आकडा आहे. मग गेले कुठे?

बहुतेक आटले. सोन्याच्या नाण्याचा मोठा शत्रू त्याचं सोनं. चांदीच्या रुपयाला मोडून फार काही मिळत नाही, तांब्याला तर काहीच नाही. होन मात्र प्रत्येक सत्तांतरात मुशीत गेला. आदिलशाही गेली, मोगल आले, पेशवाई आली, कंपनी आली, आणि दर वेळी नव्या टांकसाळीने जुनं सोनं गिळलं. म्हैसूरची टांकसाळ १८३३ साली बंगळुरूला हलवण्यात आली आणि १८४३ साली बंद झाली. त्यानंतर या भागात कंपनीचा रुपयाच उरला. पुढे १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने कोलारच्या खाणी चालवल्या. त्या २००१ साली बंद होईपर्यंत सुमारे ८०० टन सोनं निघालं. बंगळुरूहून शंभर किलोमीटरच्या आत एवढं सोनं निघत होतं, पण त्याचा स्थानिक होन कधी झाला नाही.

आटणीतून जे वाचलं ते बरंचसं बायकांच्या गळ्यात वाचलं. महाराष्ट्रातली पुतळ्यांची माळ आणि कर्नाटकातला कासिन सर हे दागिने म्हणजे नाण्यांचे अनौपचारिक संग्रहच. पुतळी मूळची व्हेनिसची. तिथे १२८४ साली डुकाट हे नाणं सुरू झालं आणि १७९७ साली ते प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात पडत राहिलं. वजन साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शुद्ध. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांमध्ये उभा ख्रिस्त. लाल समुद्रातून आणि इराणी आखातातून मिरी-कापडाच्या बदल्यात हे नाणं पश्चिम किनाऱ्यावर आलं, आणि उभ्या आकृत्यांमुळे सराफांनी त्याला पुतळी म्हटलं. मागणी इतकी की भारतातच तिच्या नकला होऊ लागल्या. त्या नकलांवरची लॅटिन अक्षरं नुसत्या रेघा होऊन बसली आणि संताची काठी कधी झाड झाली, कधी कमळ. आज या देशी नकलांनाही संग्राहक शोधतात.

माळेत ओवताना मात्र एक घोटाळा होतो. नाण्याला कडी झाळली जाते. झाळणीच्या आचेने कड थोडी वितळते, ठशाचा एक भाग झाकला जातो. पुढे कडी काढून, घासून, पॉलिश करून ते नाणं ‘मूळ स्थितीत’ म्हणून विकायला येतं. जाणकाराला घड्याळातल्या बाराच्या जागी, कडेवर, किंचित वेगळ्या रंगाचा डाग आणि गुळगुळीत झालेले दोन-चार ठिपके दिसतात. अशा नाण्याची किंमत सोन्यापेक्षा थोडी वर, पण बिनडागी नाण्याच्या कितीतरी खाली राहते. इतिहासाच्या नजरेने पाहिलं तर हा अन्याय वाटतो, कारण ती कडी नसती तर ते नाणंच उरलं नसतं. बाजार तसा विचार करत नाही.

सोन्याच्या नाण्यांच्या संग्रहाचा विषय निघाला की अमेरिकेचं उदाहरण टाळता येत नाही, कारण तिथे दुर्मीळता कशी तयार होते हे दफ्तरासकट पाहायला मिळतं. ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने घडवलेलं २० डॉलरचं ‘डबल ईगल’ १९०७ साली चलनात आलं. १९३३ साली त्याचे ४,४५,५०० नग पाडले गेले. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये अध्यक्ष रुझवेल्ट यांनी लोकांकडचं सोनं सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. १९३३ ची नाणी चलनात आलीच नाहीत आणि १९३७ साली वितळवली गेली. काही नग मात्र टांकसाळीतून निसटले. त्यांतला एक इजिप्तच्या राजा फारूककडे गेला, कारण १९४४ साली कोणा कारकुनाने त्याचा निर्यात परवाना बिनदिक्कत मंजूर केला होता. खाजगी मालकीत ठेवायला कायद्याने मोकळा असलेला तो एकच नग. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये ७५.९ लाख डॉलरला गेला, आणि जून २०२१ मध्ये जवळजवळ १ कोटी ८९ लाख डॉलरला.

रुझवेल्टच्या हुकमात एक बारीक सवलत होती. संग्राहकांना विशेष मोल असलेली दुर्मीळ नाणी त्यातून वगळली होती. लाखो डबल ईगल आटले, पण संग्रहातली वाचली. भारतातही सरकारने सोन्यावर हात टाकला होता. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी केली, १९६८ साली कायदा आला आणि तो १९९० पर्यंत चालला. या सत्तावीस वर्षांत घरातली जुनी सोन्याची नाणी उघडपणे दाखवायची, त्यांची नोंद ठेवायची, अभ्यासकाला बोलवायची सवय सुटली. नाणी घरात राहिली, त्यांची माहिती मात्र पुढच्या पिढीकडे पोहोचली नाही. अमेरिकेत कोणतं नाणं कोणाकडून कोणाकडे गेलं याची शंभर वर्षांची साखळी सांगता येते. आपल्याकडे ‘आजोबांच्या पेटीत होतं’ एवढ्यावर साखळी संपते.

अपवाद एक आहे आणि तो मुंबईचा. पहिल्या महायुद्धात रुपयासाठी चांदी अपुरी पडू लागली तेव्हा १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत १५ रुपयांची सोन्याची मोहर आणि पाठोपाठ सॉव्हरिन, म्हणजे गिनी, पाडण्यात आली. सॉव्हरिनची संख्या नोंदलेली आहे: १२,९५,३७२. सालाच्या वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीवर बारीकसं ‘आय’ हे रोमन अक्षर असेल तर ती गिनी मुंबईची. १५ रुपयांच्या मोहरा सुमारे २१ लाख निघाल्या. दोन्ही ७.९८ ग्रॅमच्या, २२ कॅरटच्या. नव्या संग्राहकाने सोन्याची सुरुवात या गिनीपासून करावी, असं अनेक अनुभवी मंडळी सांगतात. ठसा यंत्राचा, वजन ठरलेलं, नोंद पक्की. फसगतीची जागा त्यामानाने कमी.

होनांमध्ये तसं नाही. हाताने पाडलेली नाणी, ठसा मोठा आणि सोन्याची चकती लहान, त्यामुळे अर्धी अक्षरं चकतीबाहेर जातात. एकाच राजाची दोन नाणी सारखी नसतात. या अनिश्चिततेचा फायदा बनावट नाणी करणारे पुरेपूर घेतात, आणि सगळ्यात जास्त घेतात शिवराई होनात. महाराजांचं नाव, दुर्मीळता आणि भावना तिन्ही एका जागी आल्यावर दुसरं काय होणार? जत्रेत मिळणाऱ्या पितळी नकलेपासून लाखांच्या गोष्टी करणाऱ्या ‘खानदानी’ होनापर्यंत सगळं बाजारात आहे.

इथे एक गैरसमज महाग पडतो. नाणं घेऊन माणूस सराफाकडे जातो, सराफ कसोटीवर कस लावतो किंवा एक्सआरएफ यंत्राखाली धरतो, २२ कॅरट निघतं, आणि माणूस निश्चिंत होतो. पण तीन ग्रॅम सोन्याचा खर्च संग्राहकी किमतीपुढे किरकोळ आहे. चलाख बनावट खऱ्या सोन्याचीच असते. शिवाय एक्सआरएफ पृष्ठभागाचा पातळ थरच वाचतं. पाण्यात तोलून घनता काढायची म्हटली तर २.८ ग्रॅमचं शुद्ध सोनं जेमतेम ०.१४५ ग्रॅम पाणी बाजूला सारतं, म्हणजे काटा मिलिग्रॅमचा हवा. घरगुती काट्याने काही सिद्ध होत नाही. सोनं खरं आहे हे कळल्याने नाणं खरं ठरत नाही.

मग काय पाहायचं? ओतीव नाण्याची जमीन बारीक दाणेदार, बुडबुड्यांची असते. ठोकलेल्या नाण्यावर घणाच्या घावाने धातू बाहेरच्या दिशेने सरकलेला असतो, कडेला बारीक भेगा असतात, अक्षरांच्या पायथ्याशी धार असते. ‘श्री’ची वेलांटी, ‘ज’चा काना, ठिपक्यांमधलं अंतर हे अस्सल तांब्याच्या शिवरायांशी आणि प्रसिद्ध झालेल्या होनांशी पडताळता येतं. हे डोळे एका नाण्यावर तयार होत नाहीत. विजयनगरचे पन्नास अर्धे होन हाताळले, इक्केरीचे आणि बहादुरी होन शेजारी ठेवले, हण चिमट्यात धरून वाचले, की सतराव्या शतकातलं ठोकलेलं दक्षिणी सोनं कसं दिसतं ते अंगवळणी पडतं. ही नाणी बंगळुरूच्या लिलावांत नेमाने येतात, लिलावापूर्वी पाहायला ठेवली जातात, आणि पाहण्याचे पैसे पडत नाहीत. शिवराई होन विकत घेण्याची ऐपत फार थोड्यांची. तो ओळखण्याची ऐपत मात्र चार-दोन वर्षं अशी नजर घालणाऱ्या कोणालाही कमावता येते.

हण या चिमुकल्या नाण्याचं वेगळं कौतुक करायला हवं. कंठीरव हण सुमारे ०.३५ ग्रॅमचा, मसुरीएवढा, जमिनीवर पडला तर सापडायची मारामार. पूर्वी सराफ ते मोजायला खळगे पाडलेली लाकडी फळी वापरत. त्रावणकोरात तर ती घरोघर होती. मूठभर हण फळीवर टाकायचे, फळी हलवायची, प्रत्येक खळग्यात एक बसला की जास्तीचे झटकून टाकायचे. शंभर खळगे, शंभर हण. सोन्यात सुरुवात करायची आणि खिसा लहान असेल तर हणासारखा गुरू नाही.

कायद्याची बाजू रूक्ष असली तरी ती माहीत नसलेला संग्राहक कधी ना कधी अडचणीत येतो. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. ते खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. म्हणजे १९१८ ची मुंबईची गिनीही आता या कक्षेत आली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलाने आजीची पुतळ्यांची माळ सामानात टाकून नेणं हा भावनेचा भाग झाला, कायदा त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. १९८७ साली जिनिव्हाच्या एका लिलावात जहांगीर बादशहाची जवळपास बारा किलोची, एक हजार मोहरांच्या तोलाची प्रचंड मोहर हैदराबादच्या निजामाच्या घराण्याकडून आल्याची वार्ता पसरली तेव्हा सीबीआयने तिचा माग काढायचा प्रयत्न केला. मोहर हाती लागली नाही.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांना १८७८ चा गुप्तधन कायदा लागू होतो. दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. २०२१ साली पिंपरी-चिंचवडजवळ चिखलीत खोदकामात मोगल काळातल्या सोन्याच्या २१६ मोहरा निघाल्या, दोन किलो तीनशे ग्रॅमहून जास्त. त्या मजुरांच्या घरात दडवल्या गेल्या होत्या आणि पोलिसांनी ताब्यात घेतल्या. तेव्हा सगळ्या बातम्यांत सोन्याचा भाव गुणून किंमत सांगितली गेली. पण २१६ मोहरा ज्या भांड्यात होत्या, ज्या थरात होत्या, कोणत्या टांकसाळीच्या कोणत्या सालांच्या एकत्र होत्या, यात चाकण-पुणे भागाच्या व्यापाराचा एक तुकडा दडलेला असतो. ठेवा फुटला, नाणी वाटली गेली, की तो तुकडा कायमचा जातो.

अभ्यासाची साधनं कमी नाहीत. सर वॉल्टर इलियट यांचं ‘कॉइन्स ऑफ सदर्न इंडिया’ १८८६ साली आलं. हे तेच इलियट, जे तरुणपणी धारवाडकडे नेमणुकीवर असताना १८२४ साली कित्तूरच्या राणी चेन्नम्माच्या कैदेत सापडले होते. पुस्तक पुरं केलं तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. हैदर-टिपूच्या नाण्यांवर हेंडरसन यांचं १९२१ चं पुस्तक अजून वापरात आहे. म्हैसूरच्या ए. व्ही. नरसिंह मूर्तींनी ‘द कॉइन्स ऑफ कर्नाटक’ १९७५ साली दिलं, आणि मराठ्यांच्या नाण्यांसाठी माहेश्वरी आणि विगिन्स यांचं १९८९ चं ‘मराठा मिंट्स अँड कॉइनेज’ पर्याय नसलेलं. नाशिकजवळ अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था १९८० पासून हेच काम करते. अडचण एवढीच, की या पुस्तकांतलं फारच थोडं मराठीत आलं आहे. सभासदाच्या यादीतला एकेक होन चित्रासह, वजनासह, गावासह मांडणारं पुस्तक मराठीत यायला हवं होतं.

ते येईल तेव्हा येईल. तोवर वाचकांना एकच विनंती. घरात पुतळ्यांची माळ असेल, कासिन सर असेल, देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्यात एखादं न ओळखलेलं सोन्याचं नाणं असेल, तर नव्या दागिन्यासाठी ते आटणीला देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, मिलिग्रॅमच्या काट्यावर वजन करून घ्या, कोणाकडून आलं ते कागदावर लिहून ठेवा, आणि अंजनेरीला, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा जवळच्या संग्रहालयात एकदा दाखवा. घासू नका, चिंचेच्या पाण्यात टाकू नका, पॉलिश करू नका. मग मोडायचं तर मोडा.